अनुभव धागा: सॅन फ्रान्सिस्कोच्या नॉर्थ बीचमधली स्वस्त हॉटेलं

नॉर्थ बीच या शहरातल्या वस्तीत कमी पैशात राहायचं तर खोली, आवाज, सामान, खर्च याबद्दल नेमकं लिहा. 'मस्त आहे' एवढंच नको.

पायवाट: 1906च्या भूकंपानंतरच्या आगीत हा भाग जवळपास सगळा जळाला. जुन्या इमारती बहुतेक त्यानंतरच्या. स्वस्त खोलीत बेसिन असतं, संडास-बाथरूम पॅसेजमध्ये सामायिक. लिफ्ट असेलच असं नाही. तिथे तळमजल्यालाच पहिला मजला म्हणतात, त्यामुळे मजला न विचारता जिने किती ते विचारा.

ब्रॉडवे किंवा कोलंबस अव्हेन्यूकडची खोली म्हणजे रात्री दोनला बार बंद होईपर्यंत कलकलाट, नंतर फुटपाथवरच्या गप्पा. आतल्या चौकाकडची खोली अंधारी, पण झोप लागते. आतलीच घ्यावी.

निवांत: जून ते ऑगस्ट धुकं आणि गार वारा, स्वेटर हवाच. जुन्या इमारतीत वाफेचा रेडिएटर असतो. एकाच पाइपचा (वाफ येते त्याच पाइपने पाणी परत जातं असा) असेल तर व्हॉल्व्ह पूर्ण उघडा किंवा पूर्ण बंद ठेवा. अर्धवट ठेवला की वाफ थंड होऊन झालेलं पाणी परत जाऊ शकत नाही, वाफ त्याला ढकलते आणि रात्रभर ठणठण चालते.

चहाबाज: भारतातली किटली नेऊ नका. तिथे 120 व्होल्ट. 230 व्होल्टची किटली जेमतेम पाव ताकदीने चालते. पिन बदलणारा अ‍ॅडॉप्टर व्होल्टेज वाढवत नाही! मोबाइल चार्जरवर 100-240 लिहिलेलं असतं, त्याला अ‍ॅडॉप्टर पुरतो. खोलीत फोडणीचा विचारही नको, धुराचा अलार्म वाजतो.

मधला_बर्थ: विमानतळावरून बार्टने (तिथली लोकल रेल्वे) पॉवेल स्टेशन. तिथून जमिनीखालूनच युनियन स्क्वेअर स्टेशनला जाऊन म्युनीच्या (शहराची बस-ट्राम सेवा) टी लाइन ट्रामने चायनाटाउन, पुढे स्टॉकटन स्ट्रीटने उत्तरेकडे थोडं चालणं. मोठी बॅग घेऊन केबल कारच्या (रस्त्याखालच्या दोराने ओढली जाणारी जुनी ट्राम) रांगेत उभं राहू नका. तिचं सुटं तिकीट एकाच फेरीचं. म्युनी बसचं दोन तास चालतं.

हिशेबनीस: दिसणाऱ्या भाड्यावर 14 टक्के हॉटेल कर, शिवाय काही किरकोळ आकारण्या. तुलना शेवटच्या रकमेचीच करा.

भाड्याची गाडी टाळा. घेतलीच तर रस्त्यावर उभी करण्याआधी रस्ता झाडण्याचे वार आणि वेळ पाटीवर वाचा (तेव्हा तिथे गाडी चालत नाही), काचेतून दिसेल असं काही ठेवू नका. तीन टक्क्यांहून जास्त चढावर गाडी उभी करताना पुढची चाकं वळवणं सक्तीचं: तोंड उताराकडे असेल तर फुटपाथकडे, चढाकडे असेल तर रस्त्याकडे. नाहीतर दंड.