निवृत्तीनंतर गोव्यात परत यावे का? घरात एकमत होईना, म्हणून इथे विचारतो

शारजाकर
नमस्कार मंडळी. वय ५९. शारजात एकाच कंपनीत २९ वर्षे झाली, येत्या मार्चमध्ये नोकरी संपते आणि नोकरीबरोबर व्हिसाही. मूळ म्हार्दोळच्या बाजूचा. आजोबांनी बांधलेले कौलारू घर आहे, मागे बारा माड, दोन फणस, एक कोरडी बाव. आई गेल्यापासून चार वर्षे घराला कुलूप.

पैशाचे आधी सांगतो, म्हणजे कुणी 'तुम्हा आखातवाल्यांचे काय' म्हणणार नाही. इथे पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी मिळते. पहिल्या पाच वर्षांना वर्षाला २१ दिवसांचा मूळ पगार, पुढे ३० दिवसांचा. माझे ८२५ दिवस भरतात, पण एकूण रक्कम दोन वर्षांच्या पगारापलीकडे जात नाही असा कायदा आहे. म्हणजे शेवटची तीन वर्षे त्या हिशेबात मी फुकटच राबलो. असो. बँकेत ठेवी आहेत, कर्ज नाही, दोघांचे भागेल.

मुलगा टोरांटोला आहे, 'इकडेच या' म्हणतो. बायको म्हणते फोंड्यात किंवा पणजीत फ्लॅट घेऊ, गावात नको. तिचे वाक्य असे: 'तुझ्या डोक्यातले गाव १९९६ सालचे, तू निघालास त्या दिवशीचे. तिथे परत जायला विमान नाही.' माझे मत सरळ आहे. ऑगस्टातली जायांची (जाईच्या फुलांची) पूजा, घरची चवथ आणि माटोळी (गणपतीवर टांगायची फळाफुलांची चौकट), पहाटे पोदेराचा (पाववाल्याचा) हॉर्न, हे सगळे २९ वर्षे आठवणीत जगलो. आता तरी प्रत्यक्ष जगू दे. चुकतोय का?

कौलारू
मी मस्कतहून २०१६ साली शिरोड्याला परत आलो, तेव्हा दोन शब्द हक्काने लिहितो.

चार पावसाळे कुलूप म्हणजे रीप गेले समजा, वासे बहुतेक गेले असतील आणि वाळवी देवघरापर्यंत पोचली असेल. कौलारू घर माणसाच्या वावराने उभे राहते. चूल पेटली, दारे-खिडक्या उघडल्या, कुणीतरी वर बघून 'हे कौल सरकलंय' म्हटले, तरच ते टिकते. आता कौले परतणारा माणूस मिळवून दाखवा! माझ्या वाड्यावर एकच होता, तो गुडघ्यांनी बसला. शेवटी मीही सगळ्यांसारखे वरून पत्रे घातले. पावसात त्या पत्र्यांचा आवाज असा की टीव्हीवरची बातमी ओठांवरून ओळखावी लागते.

बारा माड लिहिलेत ते वाचून हसू आले. नारळ पाडणारा पाडेली कुठून आणणार? आमच्याकडे येतो तो तीन-तीन महिने येत नाही, येतो तेव्हा घाईत असतो, आणि नारळ पडतो तो शेजाऱ्याच्या गाडीवर. मग शेजाऱ्याशी बोलणे बंद.

पहिले वर्ष मजेचे गेले, सगळे भेटायला आले. दुसऱ्या वर्षी कुणी नाही, कारण आता मी 'आलेला' नव्हतो, 'असलेला' होतो. ते वर्ष वाईट गेले, बायकोशीही खटके उडाले. मग वाड्यावरच्या पोरांच्या घुमट आरतीत (मातीच्या घुमट वाद्यावरच्या आरत्यांत) जाऊन बसायला लागलो. हात चालेना, पोरे हसली, पण त्यांनी शिकवले. तिथून गाडी रुळावर आली. पुन्हा मस्कतला जाईन का? नाही. पण मी ५४व्या वर्षी आलो, तेव्हा शिडीवर चढता येत होते. तुम्ही ६० ला येताय. ७० ला कुणी विचारले तर मी सरळ नाही म्हणेन.

स्विंडनची बाय
कौलारूबाब, तुम्ही नाही म्हणता म्हणता हो म्हणताय. मी सरळ नाही म्हणते.

मी पेडण्याची, वय ६७. जन्म पोर्तुगीज अमलातला, त्यामुळे लिस्बनला जन्माची नोंद करून पोर्तुगीज पासपोर्ट मिळाला आणि ब्रेक्झिटच्या बऱ्याच आधी इंग्लंडला आले. इथल्या गोदामात उभे राहून काम केले, त्याची स्टेट पेन्शन आता मिळते. भारतात राहायला गेले तर ती त्या दिवसाच्या आकड्यावर गोठते. इथे राहिले तर दरवर्षी वाढते, तिथे मरेपर्यंत तीच. शिवाय इथला सेटल्ड दर्जा (कायम राहण्याचा हक्क) सलग पाच वर्षे बाहेर राहिले की जातो. म्हणजे 'जाऊन बघते, नाही जमले तर येते' याला मुदत आहे.

पण खरे कारण पैशाचे नाही. इथे मी सकाळी फुकटच्या पासवर बसने लायब्ररीत जाते, एकटी कॉफी पिते, आणि कुणी विचारत नाही की घो कुठे, सून कशी, एवढ्या वयात पॅण्ट का घातली. गावी गेले की दुसऱ्या दिवसापासून मी कुणाची तरी भावजय, कुणाची मावशी. तीन आठवडे गोड लागते. पुरुषमाणूस गावी परततो तेव्हा ओसरीवर खुर्चीत बसतो. बाई परतते ती थेट रांधणीत. शारजाकरबाब, तुमच्या बायकोने फ्लॅट मागितला तो का, हे तुम्ही तिला विचारलेत का? की विमान नाही या वाक्यावर हसून विषय मिटवलात?

शारजाकर
ताई, बाण बसला. विचारले नव्हते. पण एक सांगतो, तुमच्याकडे राहायचा पर्याय तरी आहे. आखातात २९ वर्षे राहून आम्ही पाहुणेच. पंचावन्नीनंतर पाच वर्षांचा निवृत्ती-व्हिसा मिळतो म्हणतात, पण त्याला जी पुंजी दाखवावी लागते आणि इथले भाडे लागते, त्यात मी फोंड्यात राजासारखा राहीन. आमच्यासाठी प्रश्न 'परतावे का' असा नाहीच, 'कुठे परतावे' एवढाच आहे.

एक-चौदा
भावनेचे सगळ्यांनी लिहिले, मी कागदाचे लिहितो. फोंड्याच्या कोर्टात उभी हयात गेली.

घर 'आजोबांनी बांधलेले' म्हणालात. आज ते कुणाच्या नावावर आहे? एक-चौदाचा उतारा (गोव्यातला सातबारा समजा) काढून बघा. आजोबांचेच नाव असले तर ते घर तुमचे नाही, तुमचेही आहे, एवढेच. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी कायद्यातून आलेली वारसा-पद्धत चालते, आता २०१२ च्या गोवा वारसा कायद्याखाली. लग्नाचा वेगळा करार नसेल तर नवरा-बायको निम्मेनिम्मे मालक. आजोबा गेले तेव्हा आजीचा निम्मा वेगळा, राहिलेला मुला-मुलींत सारखा. आत्याचा वाटा तिच्या मुलांकडे, त्यांच्या जोडीदारांचे हक्क त्यात मिसळलेले, आणि विकायला बसलात तर सगळ्यांच्या सह्या. एक माणूस लिस्बनला, एक ऑस्ट्रेलियात, एकाशी १९८८ च्या चवथीपासून अबोला. इन्व्हेंटरी (वारस आणि वाटे ठरवायचे कोर्टाचे काम) केल्याशिवाय कौलांवर लाखो रुपये घालू नका. दुरुस्त केलेले घर वाटणीत गेलेले मी डोळ्यांनी पाहिले आहे, आणि दुरुस्ती करणाऱ्याच्या हाती आले ते स्वयंपाकघर आणि न्हाणी.

दुसरे. कुलूप लावलेले घर आणि परदेशातले वारस हाच इथल्या भूखंड-चोरांचा माल. जुने खोटे दस्त करून जमिनी लाटल्याची प्रकरणे इतकी वाढली की २०२२ साली सरकारला एसआयटी (विशेष तपास पथक) नेमावी लागली, वर निवृत्त न्यायमूर्तींचा चौकशी आयोगही. त्यात गेलेल्या मालमत्ता बहुतांशी अशाच, मालक दूर किंवा वारस विखुरलेले. तुम्ही परत या किंवा येऊ नका, पण उतारा दर सहा महिन्यांनी बघा.

माटोळी
मी गोव्यात राहिलेली बाजू. कुणी विचारली नाही, तरी लिहिते.

आमच्या घरात तिघे परतले. मोठे काका बहारीनहून, आत्या-यजमान मुंबईहून (तेही परदेशच समजा), आणि एक चुलत दीर. तिघांनी वेगवेगळ्या शब्दांत एकच सांगितले: 'आम्ही तुमच्यावर भार होणार नाही.' आणि पुढे? पाडेलीला फोन मी करते. वीजबिलाची तक्रार मी करते. काकांना पहाटे तीन वाजता छातीत दुखले तेव्हा १०८ ला फोन मी केला आणि अॅम्ब्युलन्समधून गोमेकॉपर्यंत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळापर्यंत) मी गेले, बहारीनमधली बचत नाही गेली. मुलगा कॅनडातून व्हिडिओवर रडत होता. त्याचे रडणे खरे होते, पण सकाळी फॉर्म भरायला मीच.

शारजाकरबाब, तुम्ही जायो, चवथ, पोदेर लिहिलेत. माटोळीला बांधायची कातरां, कांगलां कोण आणते हो? चवथीच्या आदल्या दिवशी रानात कोण जाते? तुमच्या आठवणीत ते आपोआप होते, कारण ते आईने केले. माझी परतणाऱ्यांवर हरकत नाही. पण 'गाव' म्हणून जे म्हणता ते आम्ही चार-पाच बायका आणि एक बाईक असलेला भाचा आहोत. तो भाचाही परवा पोर्तुगीज पासपोर्टची चौकशी करत होता.

कौलारू
माटोळीबाय, पटले. लाज वाटली, कारण माझाही असा एक भाचा आहे. फक्त गोमेकॉबद्दल थोडे. लोक नावे ठेवतात, पण १८४२ पासूनचे ते मेडिकल कॉलेज आहे आणि हृदयाच्या बाबतीत बांबोळीच्या त्या इस्पितळाने माझा जीव वाचवला आहे. मस्कतला याच कामाला विमा कंपनीशी आठवडाभर भांडलो असतो. म्हार्दोळहून रस्ता मोकळा असेल तर अर्धा-पाऊण तास. टोरांटोत मुलाच्या घरात तळघराच्या खोलीत बसून हे मिळेल का?

स्विंडनची बाय
रस्ता मोकळा असेल तर! पावसात, रात्री तीनला, आणि ज्याचा भाचा घरी असेल त्याला. तुम्ही वाचलात हे चांगलेच, पण एका माणसाच्या वाचण्यावरून गाव ठरवू नका. आणि टोरांटोला हसू नका. तिथेही आईवडिलांना सुपर व्हिसावर एका वेळी पाच वर्षे राहता येते, फक्त खासगी आरोग्यविमा स्वतः काढावा लागतो. आणि हिवाळ्यात घरात कोंडून घ्यावे लागते, हे मान्य.

हिशेबी
भांडा तुम्ही, मी दोनच गोष्टी सांगतो.

आरोग्यविमा भारतात आत्ताच काढा, परतल्यावर नव्हे. आधीच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते, ती मुदत शारजात बसून संपवा. राज्याच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेवर विसंबू नका, तिला गोव्यातल्या पाच वर्षांच्या वास्तव्याची अट आहे.

कराचे: इतकी वर्षे बाहेर असलेल्याला परतल्यावर साधारण दोन-तीन वर्षे 'निवासी पण सामान्य निवासी नाही' असा दर्जा मिळतो. त्या काळात बाहेरच्या उत्पन्नावर इथे कर लागत नाही. पण एनआरई (अनिवासी भारतीयाचे) खाते तसेच ठेवून गप्प बसू नका, बँकेला कळवून ते बदलून घ्यावे लागते. परकीय चलन ठेवायचेच असेल तर त्यासाठी परतलेल्यांचे आरएफसी (निवासी परकीय चलन) खाते आहे.

दोन ओळी
सगळे वाचले. काकींना विचारा.

एक-चौदा
आणि काकींची सहीसुद्धा घ्या. घर विकायचे झाले तर तिच्या सहीशिवाय एक कौल हलत नाही. या एका बाबतीत पोर्तुगीज आपल्यापेक्षा शहाणे होते.

शारजाकर
विचारले. जेवणानंतर, टीव्ही बंद करून.

तिने शांतपणे सांगितले. १९९९ ते २००४ ती मुलाला घेऊन त्याच घरात, माझ्या आईबरोबर राहिली होती. मी वर्षाला एक महिना यायचो. त्या पाच वर्षांत बाव आटली की पाणी आणायला ती, आईच्या मोतीबिंदूला ती, देवस्थानाच्या वर्गणीवरून चुलत्यांनी दारात तमाशा केला तेव्हाही तीच. मी त्यातले काही पाहिले नव्हते, माझ्या आठवणीत तर तिथे फक्त जायांचा वास आहे. 'तू घरी परत जातोस,' म्हणाली, 'मी ड्युटीवर परत जाते.' माटोळीबायने लिहिलेले तिला वाचून दाखवले. पहिल्यांदा हसली. म्हणाली, त्या बाईचा पत्ता घे.

तूर्त ठरले ते असे. मुलाला 'येत नाही' असे कळवले, तो थोडा रागावला आहे. मार्चनंतर फोंड्यात भाड्याचा फ्लॅट, लिफ्टवाला. जून ते सप्टेंबर पूर्ण पावसाळा तिथे काढायचा, परतीचे तिकीट न काढता. गावचे घर रोज उघडायला मी एकटा जाणार, स्कूटरवर. रांधप मी करणार, हुमण मला येते, बाकीचे शिकेन. चवथ गावात करायची की नाही ते ती ठरवणार. इन्व्हेंटरीसाठी वकिलाला फोन केला, आतापर्यंत १४ वारस निघालेत, पंधरावी आत्या की मामी यावर चर्चा चालू आहे.

कौलारूबाब, त्या तीन महिन्यांनी येणाऱ्या पाडेलीचा नंबर मला व्यक्तिगत निरोपात द्याल का? आणि तो शेजारी, ज्याच्या गाडीवर नारळ पडला, त्याच्याशी पुढे बोलणे सुरू झाले का?

कौलारू
नंबर पाठवला. शेजारी गेल्या शिगम्यात बोलला. त्याने गाडी विकली.