एआयला विचारून वही भरते, डोक्यात काही राहत नाही. काय करू?

दुपारचा_पाऊस: लेक नववीत आहे. विज्ञानात काही अडलं की चॅटजीपीटीला विचारते, उत्तर वहीत उतरवते आणि मोकळी होते. काल सहज विचारलं, लंबकाला जड गोळा लावला तर झोके भरभर होतील का, तर माझ्याकडेच बघत बसली! आणि हेच उत्तर परवा स्वतःच्या हाताने लिहिलेलं. बंदी घालायची नाहीये, मी स्वतः ऑफिसात दिवसभर तेच वापरते. कोर्स, ॲप, काहीही सुचवा.

खडूफळा: कोर्स नंतर बघा ताई, आधी लंबकच करायला लावा. माझ्या मुलाने केला तेव्हा दोरा 47 सेंमी, 20 झोक्यांना साधारण 28.4 सेकंद, आणि g (गुरुत्वीय त्वरण) आला 9.2, यायला हवा साधारण 9.8. एआयला विचारलं कुठे चुकलं, तर लगेच हवेचा अवरोध वगैरे चारपाच कारणं, सगळी पटण्यासारखी. खरी चूक अशी की त्याने दोरा गाठीपर्यंतच मोजलेला, बॉलच्या मध्यापर्यंतचे 3 सेंमी राहिले. 50 धरल्यावर 9.8 आला. एआयला बिचाऱ्याला ती गाठ दिसत नव्हती ना, जेवढं सांगितलं त्यावरून जुळेल असं बोलला.

अर्धवट_वैज्ञानिक: +१. शिवाय गूगलचं टीचेबल मशीन बघा, फोटो दाखवून कॉम्प्युटरला वस्तू ओळखायला शिकवता येतं, ब्राउजरमध्ये चालतं, कोडिंग लागत नाही. पेनाचे सगळे फोटो पांढऱ्या कागदावर आणि पेन्सिलीचे काळ्यावर काढून शिकवायचं, मग पेन काळ्या कागदावर ठेवून दाखवायचं. आमच्याकडे ठामपणे पेन्सिल म्हणालं, ते पेन बघतच नव्हतं, कागद बघत होतं. भाषणापेक्षा हे लक्षात राहतं. कोर्सच हवा असेल तर हेलसिंकी विद्यापीठाचा एलिमेंट्स ऑफ एआय फुकट आहे, पण नववीला जरा जड जाईल.

मधलीसुट्टी: आमच्याकडे एकच नियम, आधी स्वतःचं उत्तर लिहायचं, चुकीचं का असेना, मग एआयला म्हणायचं यातली चूक शोध पण उत्तर सांगू नकोस. पहिले काही दिवस जाम कुरकुर झाली.

दुपारचा_पाऊस: दोरा आणि बॉल शोधते आजच. पण 20 झोके एकदम का मोजायचे, एकच का नाही?

खडूफळा: स्टॉपवॉच दाबताना हात थोडा मागेपुढे होतोच, ती चूक 20 झोक्यांत वाटली जाते. पण हे तिला सांगू नका हं, एक झोका चारपाच वेळा मोजायला लावा आणि आकडे का जुळत नाहीत ते तिलाच विचारा.