मदत हवी आहे: दोन लहान मुलांना घेऊन पुण्याहून मालवणला कायमचं राहायला जावं का?

नमस्कार मंडळी,

सहा महिने घरात हाच विषय चालू आहे. आता आम्ही नवरा-बायको एकमेकांना तीच तीच वाक्यं ऐकवतोय, म्हणून इथे विचारते.

आम्ही सिंहगड रस्त्याला राहतो. नवऱ्याचं काम संगणकावरचं आणि कंपनीने कायमचं घरून काम करायची मुभा दिली आहे. मी काही दुकानांचे हिशेब आणि जीएसटीचं काम बघते, तेही घरूनच. मुलगी आठ वर्षांची, जूनमध्ये तिसरीत जाईल. मुलगा तीन वर्षांचा. नवऱ्याचं आजोळ मालवणचं, पण मामांनी घर केव्हाच विकलं. ओळखी आहेत, हक्काचं छप्पर नाही.

डिसेंबरात आठ दिवस मालवणजवळ वायरीला राहिलो. पोरांना पुळणीवरून अक्षरशः उचलून आणावं लागायचं. मुलाला बाळदमा आहे. पुण्यात महिन्यातून दोनदा तरी वाफेचं मशीन निघतं, तो तिथे एकदाही खोकला नाही. नवऱ्याने तिथेच मनाशी ठरवून टाकलं. मी मात्र तेव्हापासून घाबरले आहे. सुट्टीत आयतं जेवण मिळतं, कपडे उन्हात तासाभरात वाळतात आणि परतीचं तिकीट खिशात असतं.

माझी पहिली आणि खरं तर एकच मोठी भीती म्हणजे पावसाळा. ओलीत, बुरशीत मुलाची छाती कशी राहील? रात्री दोनला धाप लागली आणि वीज नसली तर काय करायचं, कुठे न्यायचं? बाकीचे प्रश्न त्यामानाने लहान आहेत: मुलगी इंग्रजी माध्यमात आहे, तिथे काय सोय? वर्षभर भाड्याने घर मिळतं का, की सगळ्या खोल्या पर्यटकांसाठी राखून ठेवतात? आणि मुलगी पोहते, पण तलावात. समुद्राशेजारी दोन मुलं वाढवताना तिथले लोक कोणते नियम पाळतात?

"मुलं रमतात हो, काळजी करू नका" हे कृपया नको. ते सासूबाई रोज सांगतात.

सुका_बांगडा
डिसेंबरात मालवण सगळ्यांकाच आवडता. मिरगाक (म्हणजे मृगाच्या पावसात, जूनमध्ये) येवा, मगे बोलूया.

गंमत सोडा. ताई, तुमची भीती खरी आहे. आमच्याकडे मेमध्येच आगोटीची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, तयारी सुरू होते: तांदूळ, सोलं, सुकी मासळी, लाकडं, पडवीला ताडपत्री. हे हौसेने नाही, जून-जुलैत अडतं म्हणून. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद. २६ मे ते ३१ ऑगस्ट सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या आणि पाण्यातले खेळ बंद. तुम्ही बघितलेलं अर्धं मालवण तेव्हा कुलपात असतं. कपाटातल्या चपलांना हिरवा बुरा येतो, लाकडी दारं फुगून लागेनाशी होतात, आणि चड्ड्या तीन दिवस वाळत नाहीत. लहान मूल असलेल्या घरात हे शेवटचं सगळ्यात जड जातं. पूर्वी निखाऱ्यांवर दुरडी पालथी घालून बाळाचे कपडे सुकवायचे. तुमच्या मुलाला तो धूर चालणार नाही, तेव्हा कपडे सुकवायचं यंत्र पुण्याहूनच आणा.

वीज पावसाने कमी आणि वाऱ्याने, माड पडल्याने जास्त जाते. मे २०२१ च्या तौक्ते वादळात कित्येक गावांत दिवसच्या दिवस अंधार होता. इन्व्हर्टर मोठा घ्या, इंटरनेटच्या दोन वेगळ्या जोडण्या ठेवा. आणि ऑक्टोबरात दुपारी गडगडायला लागलं की मोडेमची पिन भिंतीतून काढायची. आमचे दोन जळलेत.

कुडाळची_आई
मी डॉक्टर नाही, पण दम्याच्या मुलाची आई आहे, म्हणून लिहिते. निघण्याआधी तुमच्या बालरोगतज्ज्ञांना विचारा की वाफेच्या मशीनऐवजी पंप आणि स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) चालेल का. स्पेसरला लहान मुलाचा मास्क मिळतो आणि त्याला वीज लागत नाही. आम्ही घरात एक आणि गाडीत एक ठेवतो. झटका आला तर काय करायचं, किती वेळ थांबायचं, केव्हा उचलून न्यायचं, हे त्यांच्याकडून कागदावर लिहून घ्या. रात्री दोनला डोकं चालत नाही.

मालवणात ग्रामीण रुग्णालय आहे, जिल्हा रुग्णालय ओरोसला. फार गंभीर असेल तर इकडची माणसं गोव्याला बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात नेतात, मालवणहून शंभरेक किलोमीटर. हा रस्ता एकदा दिवसा, एकदा रात्री गाडीने करून बघा.

माझ्या मुलाला इथे धुळीचा त्रास थांबला, बुरशीचा सुरू झाला. घर बदललं तेव्हा कमी झाला. आधीचं घर माडांच्या गर्द सावलीत होतं, दिसायला चित्रासारखं, भिंती मात्र दिवाळीपर्यंत ओल्या. म्हणून घर बघताना समुद्र किती लांब हे नका विचारू, ऊन कुठून येतं ते विचारा. गाद्या, पडदे, कापडी खेळणी जितकी कमी तितकं बरं.

पुणेरी_पाहुणा
यापेक्षा रत्नागिरी का नाही? जिल्ह्याचं ठिकाण, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, गावाचं स्वतःचं रेल्वे स्टेशन, समुद्र आहेच. मालवणला रेल्वे नाही, कुडाळ किंवा कणकवलीला उतरा आणि पुढे रस्त्याने. आजोळाच्या प्रेमापोटी मुलांचे हाल नकोत.

खडू_फळा
निवृत्त शिक्षक आहे. गावात टोपीवाला हायस्कूल, भंडारी हायस्कूल अशा जुन्या शाळा आहेत. दहावीच्या निकालात कोकण विभाग गेली कित्येक वर्षं राज्यात पहिला येतो, त्यामुळे अभ्यासाची काळजी नको. अडचण वेगळीच आहे. मुलगी आजवर मराठीतून गणित शिकलेली नाही. मराठी माध्यमात घातली तर 'हातचा' आणि 'बेरीज' या शब्दांपाशी ती महिनाभर अडेल. आत्तापासून घरी मराठीतून पाढे म्हणून घ्या. शाळा सोडल्याचा दाखला लवकर मागा. एप्रिलात संपर्क केलात तर मुख्याध्यापकांना तुमच्याशी बोलायला वेळ असतो, जूनमध्ये नसतो.

एक अनाहूत सल्ला: वर्गातली मुलं मालवणी बोलतील. तिला तुमचं पुणेरी बोलणं ऐकून हसतील. ती दिवाळीपर्यंत घरी "खंय गेल्लस?" विचारायला लागेल, तेव्हा तुम्ही हसू नका.

सुका_बांगडा
भाड्याचं राहिलं. तारकर्ली-देवबागला वर्षभरासाठी मिळणं कठीण, मालकाला डिसेंबर आणि मे सोडवत नाही. देवबाग तर एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र अशी चिंचोळी पट्टी, पावसाळ्यात लाटा किनारा खातात. धुरीवाडा, देऊळवाडा, भरड, नाहीतर थोडं वर कुंभारमाठला बघा. विहीर असेल तर पाणी मेमध्ये चाखा, जानेवारीत सगळ्या विहिरी गोड असतात. अकरा महिन्यांचा करार करा, जमीन घ्यायच्या भानगडीत आत्ता पडूच नका. सातबारावर सतरा नावं असतात आणि त्यातलं एक नेहमी मुंबईला.

समुद्राचा आमच्या घरातला नियम: मिरगापासून नारळी पौर्णिमेपर्यंत पाण्यात पाय नाही, घोट्यापर्यंतसुद्धा नाही. एरवीही ओहोटी लागली की बाहेर. मुलांना आधी भरती-ओहोटी शिकवा, पोहणं नंतर. पण खरं सांगू? इथे राहणाऱ्या आईला समुद्रापेक्षा अंगणाची धास्ती जास्त असते. फुरसं दगडाखाली बसतं आणि मण्यार रात्री घरात शिरते. जमिनीवर झोपायचं नाही, मच्छरदाणी गादीखाली खोचायची, संध्याकाळनंतर बॅटरीशिवाय परसात जायचं नाही, आणि चप्पल झटकून घालायची. आठवडाभरात मुलांना सवय होते.

धागाकर्ती
सगळ्यांचे मनापासून आभार. कुडाळची_आई, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला. आमच्या डॉक्टरांनी स्पेसर लिहून दिला आहे. कालच मुलाला तो अस्वलाचं तोंड म्हणून खेळायला दिला. आधी घाबरला, मग बाहुलीला लावून बसला.

रत्नागिरीचं सुचवणाऱ्यांना: तुमचं पटतं आणि ते आमच्या यादीत आहे. पण तिथे आम्हाला ओळखणारं कुणी नाही. मालवणात निदान नवऱ्याच्या आईला नावाने ओळखणारी चार घरं आहेत, आणि रात्री दोनला गाडी काढायला शेजारी लागतो.

असं ठरवलंय की यंदा शाळा बदलायची नाही. जुलैत मुलीची पंधरा दिवस रजा काढायची आणि चौघांनी तिथे राहायचं. हॉटेलात नाही, साध्या घरात, स्वतः स्वयंपाक करून आणि दोघांनी रोजचं काम करून. नवरा म्हणतो, "एवढ्या पावसात कशाला, गणपतीत जाऊ." त्याला मिरगाचं वाक्य पाठवलं आहे.

तर आता शेवटची मदत: जुलैचे पंधरा दिवस धुरीवाडा किंवा कुंभारमाठच्या बाजूला दोन खोल्या आणि स्वयंपाकघर कुणाच्या माहितीत आहे का? माड कमी आणि ऊन येणारं. गॅस हवा, इन्व्हर्टर असेल तर उत्तम. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलात तरी चालेल.

सुका_बांगडा
जुलैत ऊन येणारं घर मागतास? व्यनि बघा. ऊन सोडून बाकी सगळा आसा.