गणपतीतल्या नाटकाचा व्हिडिओ: एडिटिंग कशात करायचं?

सेक्रेटरी काका: मंडळी, गणपतीत पोरांनी नाटक केलं त्याचे व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाईलवर तुकड्या तुकड्यात पडलेत, एकाकडं सुरुवात तर एकाकडं शेवट. दिवाळीला एकच सलग फिल्म दाखवूया म्हणतोय. बाहेर करायला दिलं तर पैसे जातात, फुकटातलं चांगलं सॉफ्टवेअर कुणाला माहितीय का?

बी-३०२ काकू: कॅपकट घ्या की. माझी भाची दुबईला असते, ती त्यावरच करते, झकास होतंय.

ए-१०४ दादा: काकू ते टिकटॉकवाल्याच कंपनीचं आहे ओ. टिकटॉक २०२० ला बंद झालं आणि हे पण आपल्याकडच्या प्ले स्टोअरवर मिळत नाही. कुठनंतरी एपीके, म्हणजे स्टोअरबाहेरची ॲपची फाईल, उतरवून टाकू नका, त्याच फोनमध्ये बँकेचं ॲप असतंय.

बी-४०१ (कॉलेजवाला): दादा थेट दाविंची रिझॉल्व्हच टाकूया ना, फ्री आहे, वॉटरमार्क नाही म्हणजे व्हिडिओवर कंपनीचा शिक्का येत नाही, पिक्चरवाले रंग सुधारायचं काम (कलर) त्यातच करतात

ए-१०४ दादा: सॉफ्टवेअर एक नंबर आहे, फ्रीमध्ये ३८४० बाय २१६० म्हणजे ४के पर्यंत काढून देतंय. पण त्याला चांगलं ग्राफिक्स कार्ड आणि १६ जीबी रॅम पाहिजे, तुझ्या गेमिंगच्या लॅपटॉपवर पळेल, सोसायटीच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर रडेल. त्यात खाली ढीगभर टॅब, नवीन माणूस तिथंच दमतो. माझं म्हणणं असं की नाव बघून घेऊ नका, हातात कुठली मशीन आहे आणि किती वेळ बसायची तयारी आहे ते बघून घ्या. काकू, तुम्हाला पुढचं मागचं कापून नाव टाकायचं असेल तर फोनवर यूट्यूब क्रिएट बास, गुगलचंच आहे. विंडोज ११ वाल्यांकडं क्लिपचॅम्प आधीच असतंय, १०८० पी पर्यंत बिनवॉटरमार्क निघतं, फक्त प्रीमियम लिहिलेली गाणी नि टायटल घेऊ नका, एक्सपोर्टला, म्हणजे फायनल फाईल काढताना, पैसे मागतंय.

ए-२०१ ताई: माझा लॅपटॉप जुना आहे, विंडोज १०, ८ जीबी रॅम. मी संध्याकाळी बसू शकते रोज थोडा वेळ

ए-१०४ दादा: मग ताई तुम्ही शॉटकट घ्या, पूर्ण फुकट, ओपन सोर्स. एचडीला ८ जीबी रॅम पाहिजे म्हणतात, तेवढी तुमच्याकडं हाय. सेटिंग्जमध्ये प्रॉक्सी चालू करा, म्हणजे काम करताना हलकी कॉपी वापरतं आणि फायनल काढताना मूळ फाईल घेतं. मोबाईलची क्लिप टाकली की कन्व्हर्ट करायचं का विचारेल, हो म्हणा, कारण मोबाईलचा फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं, कमीजास्त होत राहतो आणि लांब नाटकात आवाज नि ओठ हळूहळू फाटत जातात.

बी-४०३ काका: दोन मोबाईलचं शूटिंग जुळवायचं कसं? मराठी नाटक सुरू करणाऱ्या विष्णुदास भाव्यांच्या सांगलीत पोरांनी नाटक केलंय, एकेक वाक्य ऐकू आलं पाहिजे.

ए-१०४ दादा: काका, तिसरी घंटा! ती दोन्ही फोनमध्ये आली आहे. टाइमलाइनवर आवाजाची नक्षी मोठी करून बघा, घंटेचा ठोका सुळक्यासारखा वर आलेला दिसतो, खालच्या ट्रॅकचा सुळका सरकवून वरच्याच्या बरोबर खाली आणायचा. मग पहिल्या रांगेतल्या फोनचा आवाज ठेवायचा, बाल्कनीतल्याचा म्यूट. स्पीकरमधनं घूंऽऽ येतंय ते लाईटच्या ५० हर्ट्झचं, त्याला हाय पास फिल्टर (खालचे जाड आवाज गाळणारा) लावून १०० हर्ट्झच्या आसपास ठेवा, पोरांचे आवाज त्याच्या बरेच वर असतात, त्यांना धक्का लागत नाही. थोडी घरघर उरेल पण शब्द मोकळे होतात. आणि एक, शेवटच्या प्रवेशात बारकी वाक्य विसरली आणि आजोबांनी विंगेतनं सांगितलं, ते फक्त काकूंच्या फोनमध्ये आलंय. ते कृपा करून कुणी कापू नका.

बी-३०२ काकू: नाही रे बाबा, ते तर ठेवायचंच 🙏

सेक्रेटरी काका: ठरलं, ताई शॉटकटवर मुख्य काम करतील, कॉलेजवाल्यानं शेवटी दाविंचीत कलर बघावा. सगळ्यांनी क्लिपा या व्हॉट्सॲप ग्रुपवरच टाका.

ए-१०४ दादा: काका इथं व्हिडिओ म्हणून टाकल्या की दाबून बारक्या होतात, मग मोठ्या पडद्यावर तोंडं ओळखू येत नाहीत. अटॅचमेंटमधनं डॉक्युमेंट म्हणून टाका, २ जीबीपर्यंत जाते.

बी-४०३ काका: माझी एक फाईल ५ जीबीची आहे, पेनड्राईव्हवर देतो. पण कॉपीच होत नाही, जागा तर भरपूर दाखवतंय

ए-१०४ दादा: तो फॅट३२ या जुन्या पद्धतीनं फॉरमॅट केलेला असणार काका, त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाईल बसत नाही. आतलं आधी दुसरीकडं काढून ठेवा आणि एक्सफॅटला फॉरमॅट मारा, त्यात मोठी फाईल बसते. नाहीतर घेऊन या रात्री, मी करून देतो.