एबीएसचा दिवा: मॉड्यूल बदलण्याआधी वायर बघा

बाइक खड्ड्यातून गेल्यावर एबीएसचा (ब्रेक दाबताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लागतो आणि गाडी बंद करून पुन्हा चालू केली की जातो, एवढ्यावरून एबीएस मॉड्यूल, म्हणजे ती यंत्रणा चालवणारं युनिट, बदलायची घाई करू नका. हे लक्षण अनेकदा पुढच्या चाकाच्या स्पीड सेन्सरच्या वायरचं असतं. फोर्क (पुढचे शॉकअप) दबताना ती वाकते आणि आतली तार तुटते, बाहेरचं आवरण मात्र शाबूत दिसतं. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (तार अखंड असली की बीप वाजतो ते सेटिंग) ठेवा, सेन्सरचा कनेक्टर आणि मॉड्यूलचा कनेक्टर दोन्ही काढून प्रत्येक तार टोकापासून टोकापर्यंत तपासा. तपासताना हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवा, फोर्क दाबा. बीप मधेच तुटला की जागा सापडली.

वायर ठीक निघाली तर टोन रिंगचे (चाकाबरोबर फिरणारी, सेन्सर जिच्यावरून वेग मोजतो ती रिंग) दात साफ करा, वाकलेत का पाहा. सेन्सर आणि रिंगमधलं अंतर फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा. आकडा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधलाच धरा.

बॅटरीही बघाच. सेल्फ मारताना व्होल्टेज १० च्या खाली गेलं तरी दिवा लागू शकतो.

आणखी एक, सेंटर स्टँडवर मागचं चाक फिरवल्याने लागलेला दिवा हा बिघाड नव्हे. पुढचं चाक थांबलेलं असल्याने वेग जुळत नाहीत.

दिवा लागलेला असताना एबीएस बंद असतं, साधे ब्रेक चालतात. ओल्या रस्त्यावर जपून दाबा.