ऑफर दिली, मालक उत्तरच देईना

मुलुंडला रिसेलचा वन बीएचके बघितला, रविवारी एजंटला ऑफर सांगितली, आज गुरुवार, मालकाचं नुसतं 'बघतो, कळवतो' चाललंय आणि इकडे दुसरा फ्लॅट हातचा जाईल अशी धाकधूक. उत्तराला काही मुदत असते का हो?

» तुम्ही मुदत घातली होती का? कॉन्ट्रॅक्ट अ‍ॅक्ट १८७२, कलम ६, दिलेली वेळ टळली की ऑफर आपोआप संपते, वेळ दिलीच नसेल तर वाजवी काळ धरतात, आणि वाजवी म्हणजे किती यावरच भांडणं होतात.

» त्याचा होकार येईपर्यंत ऑफर मागे घेता येते. सरळ व्हॉट्सअ‍ॅप करा, 'शनिवारी संध्याकाळी ६ पर्यंत कळवा, नाहीतर ऑफर रद्द'. टोकन आधी देऊ नका प्लीज, माझे ५१ हजार सुटायला दोन महिने लागले.

» तोंडीच बोललो होतो. आत्ता मेसेज टाकला, ब्लू टिक आलीय.