गच्चीवरच्या सिनेमानंतर

बी-३०४: काल गच्चीवर आवाज फार होता. संपायला साडेअकरा वाजले. आमच्या सासूबाई रात्रभर जाग्या. कमिटीने नोंद घ्यावी 🙏

सेक्रेटरी: दिलगीर आहोत वहिनी. पुढच्या वेळी लवकर सुरू करू. आठ खुर्च्या अजून वरच आहेत, ज्यांनी नेल्या त्यांनी खाली आणाव्यात.

ए-१०२: सिनेमा मात्र जबरदस्त! 'कॅन्सस सिटी कॉन्फिडेन्शियल', १९५२ चा, दिग्दर्शक फिल कार्लसन. कमी खर्चातला, पण एक जण जागचा हलला नाही. मुखवटे घालून बारा लाख डॉलरचा दरोडा, ओळख पटवायला पत्त्यातल्या राजाचं फाडलेलं पान. आणि अडकतो कोण, तर फुलांच्या दुकानाची गाडी चालवणारा. दरोडेखोरांनी हुबेहूब तशीच गाडी आणलेली!

सी-२०१: काका, शेवट सांगू नका हं, आमचा राहिलाय.

डी-४०१: शेवटी काय, म्होरक्या पोलिसातलाच, घरी बसवलेला कॅप्टन. साथीदारांना पकडून देऊन बक्षीस लाटणार होता.

सी-२०१: झालं! 🙄

सी-५०३: मला त्या माणसाला पोलिसांनी मारलेलं बघवेना. निर्दोष सुटला तरी नोकरी गेलीच. आपल्या फुलपुडीवाल्याचं वेगळं काय झालं? सायकल गेली तेव्हा त्याचा सीसीटीव्हीतला फोटो इथेच आला, खाली 'हाच तो'. सायकल मीटररूमच्या मागे सापडली, ते कोणी लिहिलं नाही. आरोप ग्रुपवर झाला, माफीही ग्रुपवर मागा.

बी-३०४: विषय आवाजाचा चाललाय ताई.

डी-४०१: फोटो मी टाकला होता. सोसायटीच्या काळजीपोटी. रात्री खाली चक्कर मारायला कोण येतं माझ्याशिवाय?

ए-१०२: चक्कर मारता तेव्हा माझ्या पार्किंगमधली तुमची स्कूटरही बघत जा.

डी-४०१: ती दोनच दिवस होती.

ए-१०२: दोन आठवडे!

सेक्रेटरी: पार्किंगचं मीटिंगमध्ये बोलू. खुर्च्या कृपया.

सी-५०३: आरोप ग्रुपवर झाला, माफीही ग्रुपवर मागा. तीन वर्षं तो कडीला पुडी अडकवून जायचा. गुरुवारी न मागता एक शेवंतीचं फूल जास्त. त्या फोटोनंतर वॉचमनने त्याला गेटच्या आत घेतलं नाही, शेजारच्या दोन बिल्डिंगांनीही बंद केलं.

डी-४०१: मग सापडली हे मला कोणी सांगितलं? ज्यांची सायकल त्यांनी बोलायचं होतं.

सी-२०१: हे मात्र खरं.

ए-४०४: बोलते. सायकल आमच्याच मुलाने मागे लपवली होती, क्लास चुकवायला. आम्हाला चार दिवसांनी कळलं. तोवर सगळे त्या फुलपुडीवाल्याला चोर म्हणत होते, माझी बोलायची हिंमत झाली नाही. गप्प बसले.

बी-३०४: अगं, मला तरी सांगायचंस. रोज भेटतो आपण.

सेक्रेटरी: सहा खुर्च्या आल्या, दोन बाकी.

ए-४०४: सी-५०३ ताई, तो आता कुठे असतो?

सी-५०३: स्टेशनबाहेर, आईच्या टोपलीशेजारी. सहाला येतात दोघं.

ए-४०४: उद्या मुलाला घेऊन जाते.

डी-४०१: मीही येतो. फोटो माझाच होता.

सी-५०३: या काका. आणि इथे ग्रुपवर?